शेडमधली कॉन्टेसा विकायची आहे? भाव काढण्यापासून नाव उतरेपर्यंत

जालना, लातूर, नांदेडच्या जुन्या वाड्यांत, जिनिंगच्या आवारात, नाहीतर शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली कॉन्टेसा अजूनही सापडते. मोंढ्यातला मोठा आडत्या, कंत्राटदार, साखर कारखान्याचा चेअरमन, नर्सिंग होमवाले डॉक्टर ही एकेकाळी तिची गिऱ्हाइकं. आज ती मुलाच्या नाहीतर नातवाच्या गळ्यात आहे. चालवायची हिंमत नाही, भंगारात द्यायला जीव होत नाही, आणि फोनवर कोणीतरी म्हणतंय, "दादा, दीड लाख देतो, उद्याच उचलतो." असा फोन आला की पहिली गोष्ट म्हणजे "घरी विचारून सांगतो" म्हणायचं आणि फोन ठेवायचा. कामाला त्यानंतर लागायचं.

गाडी नेमकी कोणती आहे?

कॉन्टेसा हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनवली, १९८४ पासून २००२ पर्यंत. तिचा मूळ साचा १९७० च्या दशकातल्या ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांब बॉनेट आणि रुंद बांधा बघून लोक तिला ‘इंडियन मसल कार’ म्हणायला लागले. खरी मसल कार अमेरिकेतली: मध्यम आकाराची, बहुतेक वेळा दोन दारांची, आणि पुढे भलंमोठं व्ही-८ इंजिन. १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत ६.४ लिटरचं होतं. आपल्या सुरुवातीच्या कॉन्टेसात ॲम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन, ताकद ५० हॉर्सपॉवरच्या आसपास. जाहिरातीत ‘मसल कार’ जरूर लिहा, कारण गिऱ्हाईक तोच शब्द टाकून शोधतं. पण त्या शब्दाचे पैसे कोणी देत नाही.

पैसे मिळतात मॉडेलचे. सुरुवातीची १.५, नंतरची इसुझू इंजिनची १.८ पेट्रोल आणि इसुझूचीच २.० डिझेल, हे ढोबळ प्रकार. १.८ मध्ये १८१७ सीसीचं, ८८ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पाच गिअर. चालवायला गाडी हवी असणारा माणूस आधी हिचीच चौकशी करतो. १.५ ला गर्दी कमी, पण तिच्यात मूळ इंजिन शाबूत असेल तर संग्रह करणारा माणूस थांबून बघतो, कारण अशा कमी राहिल्यात. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येकांनी जुन्या गाड्यांत मिळेल ते डिझेल इंजिन बसवलं, कोणी एलपीजी किट टाकलं.

म्हणून बॉनेट उघडा, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर फडक्याने पुसून वाचा, फोटो काढा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. अमेरिकेत जुन्या गाडीचं इंजिन मूळचंच आहे का, यावर भाव कुठल्या कुठे जातो. आपल्याकडे त्याला कायद्याचीही बाजू आहे. बदललेल्या इंजिनाची नोंद आरसीवर नसेल तर नाव ट्रान्सफर तिथंच अडतं.

एक गैरसमज इथंच मोडून टाकू. तुमची कॉन्टेसा ‘विंटेज’ नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राहिलेली गाडीच विंटेज म्हणून नोंदवता येते. सगळ्यात जुन्या कॉन्टेसालाही त्यासाठी २०३४ उजाडावं लागेल. घरात १९६०-७० ची ॲम्बॅसेडर, फियाट किंवा विलीज जीप असेल तर तो मार्ग खुला आहे: नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र तशी नोंदणी झाल्यावर गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. रोज वापरायला घेणारं गिऱ्हाईक त्यामुळे उलट मागे सरकतं. विकायच्या आधी घाईघाईने विंटेज नोंदणी करू नये, असं माझं मत.

कागद आधी, रंग नंतर. खरं तर रंग नकोच

नवख्या माणसाची चूक ठरलेली असते. गाडी विकायची म्हटलं की तो पहिल्यांदा डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जातो. लाखभर घालून गाडी चकाचक करतो आणि गिऱ्हाईक येऊन पहिला प्रश्न विचारतं, "रंगाखाली काय झाकलंय?" जुन्या गाडीला ताजा रंग दिसला की जाणकार माणूस खिशातून लोहचुंबक काढतो. पुट्टी भरलेल्या जागी चुंबक चिकटत नाही. जुना, उडालेला, पण कंपनीचा मूळ रंग त्याला जास्त पटतो, कारण त्यात पत्रा खरा दिसतो.

मराठवाड्याच्या गाडीची खरी पुंजी हीच आहे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या गाड्यांचा पत्रा खालून सडतो. आपल्याकडची हवा वर्षातला बराच काळ कोरडी. कॉन्टेसाला ट्रक-जीपसारखी वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे खालचा पत्रा गेला म्हणजे गाडीच गेली. तुमच्या गाडीचा फ्लोअर, दारांखालचा भाग, डिकीतली स्टेपनीची जागा आणि पुढची सस्पेन्शन जिथं बॉडीला बसते तो भाग कोरा ठणठणीत असेल, तर पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला तीच गोष्ट सगळ्यात आधी दाखवा. उन्हाने डॅशबोर्ड तडकलेला असेल, दारांचे रबर कडक झाले असतील, उंदरांनी वायरिंग खाल्लेली असेल. चालतंय. हे सगळं नव्याने करता येतं.

तर जो खर्च करायचा तो कागदांवर करा. त्याचा क्रम असा.

गाडी कोणाच्या नावावर आहे ते बघा. वडील किंवा आजोबा वारले असतील तर त्यांच्या नावावरून थेट गिऱ्हाइकाच्या नावावर जात नाही. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर करावी लागते. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि बाकीच्या वारसांची संमती लागते. बहिणी बीडला, परभणीला दिलेल्या असतात, त्यांच्या सह्या आधी घेऊन ठेवा. गाडीचा सौदा तीन लाखांना ठरला हे कळल्यावर सह्या मागायला गेलात तर गोष्ट गाडीपुरती राहत नाही.

गाडी कारखान्याच्या, सूतगिरणीच्या किंवा शिक्षण संस्थेच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव लागेल. "आमचे दादाच चेअरमन होते" हे आरटीओत चालत नाही.

आरसीवर बँकेचा बोजा दिसतो का? तीस वर्षांपूर्वी कर्ज फिटलं, पण नोंद कोणी काढलीच नाही, असं फार असतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ती सहकारी बँक किंवा पतसंस्था बंद पडलेली असेल तर अवसायकाकडून किंवा ती ज्या बँकेत विलीन झाली तिथून कागद आणावा लागतो. यात महिने जातात, म्हणून हे काम सगळ्यात आधी हातात घ्या.

जुनं कागदी आरसी बुक असेल तर गाडीची माहिती ‘वाहन’ प्रणालीत चढली आहे का ते पोर्टलवर नंबर टाकून तपासा. नसेल तर जिथली नोंदणी आहे त्या कार्यालयात बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. इथं जिल्ह्यांची विभागणी आडवी येते. हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या हिंगोलीच्या गाड्यांवर एमएच-२२ आहे आणि मूळ रेकॉर्ड परभणीला. उदगीरच्या जुन्या गाड्या लातूरच्या एमएच-२४ वर, अंबाजोगाईच्या बीडच्या एमएच-२३ वर. जवळच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी एवढं बघून घ्या.

शेवटी मुदत. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी १०,००० रुपये आहे, परदेशातून आणलेल्या चारचाकीला ८०,०००. मुदत टळली असेल तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क चढतं. पाच वर्षं गाडी झाकून ठेवली असेल तर नुसते विलंबाचेच ३०,००० झाले. वर पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी सुरक्षा नंबरप्लेट आणि तपासणीसाठी गाडी आरटीओपर्यंत नेण्याची यातायात. एकूण आकडा कार्यालयातूनच काढून घ्या. भाव ठरवताना तो लागणार आहे.

भाव कसा काढायचा

विम्याच्या कागदावरची किंमत विसरा. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक आपसात ठरवतात, बाजाराशी तिचा संबंध नाही. ऑनलाइन जाहिरातींतले आकडेही तसेच घेऊ नका, कारण ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. एखादी जाहिरात सहा महिने तशीच पडून असेल तर तो भाव चुकीचा आहे, एवढंच तिच्यातून कळतं. महिनाभर नजर ठेवा, तुमच्यासारख्या मॉडेलच्या जाहिराती लिहून ठेवा, आणि एखादी गायब झाली की त्या माणसाला फोन लावा: "दादा, माझ्याकडंही तीच आहे. तुमची शेवटी कितीला गेली?" गाडी विकून मोकळा झालेला माणूस बहुतेक वेळा खरं सांगतो.

आणि तुम्ही गाडीवर किती घातले हे भाव सांगताना मध्ये आणू नका. मोंढ्यात सोयाबीनचा भाव फवारणीचा खर्च विचारून ठरत नाही, ओलावा बघून ठरतो.

आता वरून खाली यायचं. पूर्ण तयार, कागद साफ असलेली तशीच गाडी कितीला जाते ते धरा आणि तुमची गाडी तिथवर न्यायला लागणारा खर्च वजा करा. केवळ हिशोब समजावा म्हणून आकडे घेतो, हे बाजारभाव नव्हेत. समजा तयार गाडी ८ लाखांना गेली. तुमच्या गाडीला बॉडी आणि रंगाचे २ लाख, इंजिन-ब्रेक-क्लचचे ८० हजार, सीट, रबर, क्रोमचे ७० हजार, कागदांचे ५० हजार, वाहतुकीचे २० हजार. एकूण ४ लाख २० हजार. उरले ३ लाख ८०. यातून गिऱ्हाईक स्वतःच्या जोखमीचे आणखी कापतो, म्हणजे बोलणी तीन-सव्वातीनच्या आसपास सुरू होतात.

यात गंमत अशी की कागदांचे ५० हजार तुम्ही आधीच भरले तर भाव फक्त ५० हजारांनी वाढत नाही, कारण जोखमीची कात्री बहुतांशी कागदांसाठीच असते. बॉडीचं उलटं आहे. तुम्ही २ लाख घालून रंगवलीत तरी घेणारा ते काम आपल्या मिस्त्रीकडून पुन्हा करून घेईन म्हणतो आणि तुमचे २ लाख मोजत नाही.

सुट्या भागांचाही विचार भावात येतो. बुश, पिना, ब्रॅकेट वाळूज-चिकलठाण्याच्या मशीन शॉपमध्ये नमुना देऊन बनवून घेता येतात, संभाजीनगरच्या माणसाला हा मोठा आधार. पण समोरची काच, टेललॅम्प, ग्रिल, खिडक्यांचं क्रोम बीडिंग, मूळ व्हीलकॅप अशा वस्तू लेथवर बनत नाहीत. त्या शाबूत असतील तर जाहिरातीत एकेक नाव घेऊन लिहा. माळ्यावर पडलेला जुना लॅम्प, मॅन्युअल, कंपनीचं टूलकिट, सर्व्हिस बुक, शोरूमची पावती, सगळं शोधून काढा. पहिल्या मालकाच्या नावाची १९८० च्या दशकातली पावती पिवळी पडलेली असली तरी संग्रह करणाऱ्याला ती नव्या टायरांपेक्षा प्यारी.

सुरू करणं आणि फोटो

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून लगेच चावी फिरवू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढा, पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, इंजिन आधी हाताने फिरतं का बघा, मगच स्टार्टर. जुन्या गाड्यांचा हात असलेला मिस्त्री बोलवा. सुरू होऊन आवारात पुढे-मागे झाली तरी पुष्कळ. ‘पळती गाडी’ आणि ‘बंद गाडी’ यांच्या भावात मोठं अंतर असतं, आणि ते भरून काढायला एवढी करामत पुरते.

पुढची हौस आवरा. "समृद्धीवर नेऊन पळवून दाखवतो" असं तर अजिबात नको. टायरच्या बाजूला चार आकड्यांची खूण असते, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षी कितीही दिसत असली तरी पंधरा वर्षांचं रबर त्या तापलेल्या काँक्रीटवर कधी दगा देईल सांगता येत नाही.

देवगिरी किल्ल्यासमोर गाडी उभी करून फोटो काढायचा मोह सगळ्यांना होतो. एक काढा, जाहिरातीला शोभा येते. पण सौदा ठरवतात ते कुरूप फोटो: फ्लोअर मॅट उचलून, डिकीची स्टेपनी काढून, चाकांच्या कमानीच्या आतून, गाडीखाली मोबाइल सरकवून काढलेले. जिथं गंज आहे तिथला फोटो मुद्दाम टाका. ४०० किलोमीटरवरून आलेल्या माणसाला गंज आधी माहीत असेल तर तो भावावर बोलतो. इथं येऊन कळला तर चहा पिऊन निघून जातो. थंड इंजिन सुरू होतानाचा, एकसलग, न कापलेला व्हिडिओही ठेवा.

गिऱ्हाईक आणि बोलणी

कॉन्टेसाचं खरं गिऱ्हाईक तुमच्या तालुक्यात बहुधा नसतं. मालकांचे ग्रुप, पुण्या-मुंबईचे जुन्या गाड्यांचे मिस्त्री, रॅलीला जाणारी मंडळी यांच्यापर्यंत बातमी गेली पाहिजे. गावातला दलाल गाडी दुसऱ्या दलालाला देतो आणि मधला भाव दोघांत वाटला जातो. दलाल घ्यायचाच असेल तर कमिशन आधी बोलून घ्या, आणि गाडी त्याच्या आवारात लावू देऊ नका.

"शेठ, गाडी म्हणजे मढं झालंय हो. दीड देतोय ते तुमच्या तोंडाकडं बघून." यावर चिडायचं नाही. "मढं हाय तर कशाला नेता मग भाऊ, राहू द्या" एवढं म्हणून चहा मागवायचा. घेणारा असेल तर चहा संपेपर्यंत आकडा हलतो.

तीन माणसांना मात्र दारातूनच वाटेला लावा. पहिला, ज्याला फक्त आरसी आणि नंबर हवा आहे. ते कागद दुसऱ्याच, कदाचित चोरीच्या गाडीवर चढतील आणि पोलीस तुमच्या दारी येतील. दुसरा, फौजेत असल्याचं सांगून गाडी न बघताच पैसे पाठवतो म्हणणारा आणि क्यूआर कोड धाडणारा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तिसरा, "गाडी आत्ता नेतो, नावाचं नंतर बघू" म्हणणारा.

इसार घेतलात तर कागदावर घ्या: गाडीचा नंबर, ठरलेली रक्कम, बाकी किती आणि कधी, सौदा मोडला तर इसाराचं काय. बाकी पैसे बँकेतून. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो. घरगुती वापराची कार विकून आलेल्या पैशावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही. गाडी धंद्यात दाखवून घसारा घेतला असेल तर आधी सीएला विचारा.

नाव उतरेपर्यंत

५०० रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी केली की गाडी विकली, असं आपल्याकडे सर्रास समजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे की अपघात झाला तर आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी तीन हात पुढे गेलेली असली तरी भरपाईची नोटीस तुमच्या पत्त्यावर येईल.

म्हणून फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) आणि ३० (नाव बदलण्याचा अर्ज) गिऱ्हाइकासमोर भरा. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका, दलाल त्याच मागतात. गाडी राज्यातच जाणार असेल तर विक्रीची माहिती १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, परराज्यात जाणार असेल तर ४५ दिवसांत, आणि तिथं फॉर्म २८ ची एनओसीही लागते. एनओसीआधी थकलेली ई-चलानं भरावी लागतात. दिल्ली परिसरातला गिऱ्हाईक असेल तर तिथं १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आहेत, तिथं नोंदणी होणार आहे का हे त्यानेच आधी विचारून यावं.

पैसे खात्यात दिसल्यावरच चावी. ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि गिऱ्हाइकाच्या आधारची प्रत ठेवा. गाडी चालवत न्यायचा हट्ट धरला तरी फ्लॅटबेडवरच चढवायला लावा, निदान नाव बदलेपर्यंत तरी. फास्टॅग लावलेला असेल तर बंद करा. विमा कंपनीला विक्री कळवा आणि नो क्लेम बोनसचं पत्र मागून घ्या, तो बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, पुढच्या कारला लावता येतो. मग आठवड्याला एकदा पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून बघत राहा. नाव बदललेलं दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ताबा पावतीच्या फाइलला लावा. महिना उलटूनही जुनंच नाव दिसत असेल तर फॉर्म २९ ची पोच घेऊन स्वतः आरटीओत जा, गिऱ्हाइकाच्या फोनची वाट बघू नका.